निकालाआधीचा निरोप

ठाण्याहून जुन्या रस्त्याने भिवंडीकडे निघालं की बाळकुमनंतर कशेळीचा पूल लागतो, आणि खाडी ओलांडली की कशेळीला लागूनच काल्हेर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला गोदामं, मधून मालट्रकांची रांग. जानेवारी उजाडला की या पट्ट्यातल्या शाळांमध्ये दहावीच्या निरोप समारंभाची गडबड सुरू होते. नववीची मुलं फळा रंगवतात, वर्गणीचा हिशेब दोनदा चुकून तिसऱ्यांदा जुळतो, समोशांची ऑर्डर जाते, प्रमुख पाहुण्यांना फोन होतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसेल. हा समारंभ आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे, की तो याच वेळी का होतो आणि त्यात नेमकं काय व्हायला हवं, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की आपला निरोप समारंभ फार योग्य वेळी होतो, आणि त्या वेळेचा उपयोग आपण जवळजवळ करत नाही.

वेळेचं आधी पाहू. अमेरिकेत शाळा संपते तेव्हा शाळाच पदविका देते. झगे घालून मुलं मंचावर जातात आणि बहुधा गुणांनी पहिला आलेला विद्यार्थी वर्गाच्या वतीने निरोपाचं भाषण करतो. सगळं आटोपल्यावरचा तो सोहळा. आपल्याकडे क्रम उलटा: आधी निरोप, मग परीक्षा, मग निकाल. याचं कारण जुनं आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, महादेव गोविंद रानडे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून शाळा शिकवते आणि उत्तीर्ण करणारा कुणी दुसराच असतो. आधी विद्यापीठ होतं, पुढे एसएससी बोर्ड आलं, आणि १ जानेवारी १९६६ पासून आजचं राज्य मंडळ. स्वतःच्या मुलांना ‘तुम्ही झालात’ असं म्हणण्याचा अधिकार आपल्या शाळेला नाही. त्यातच १९७५ पासून अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा आली आणि अकरावी-बारावी बहुतेक ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात गेली. म्हणजे शाळेचा निरोप सोळाव्या वर्षीच घ्यावा लागतो, आणि तोही परीक्षेपूर्वी. कारण एकदा परीक्षा केंद्रांवर मुलं विखुरली, की सगळा वर्ग एका खोलीत पुन्हा येत नाही.

व्यवस्थेची ही अडचण मला मोठी मोलाची वाटते. जानेवारीतल्या त्या दिवशी कुणीही पास नसतं, कुणीही नापास नसतं. पुढे निकालात चमकणारी मुलगी आणि फेरपरीक्षेचा फॉर्म भरणारा मुलगा एकाच बाकावर बसलेले असतात आणि दोघांनाही तेच गुलाबाचं फूल मिळतं. निकालानंतर हे संपतं. तेव्हा नाक्यावर फलक लागतात, त्यावर फोटो असतात, फोटोखाली टक्के असतात, आणि फलक लावणाऱ्याचा फोटो मुलांच्या फोटोपेक्षा मोठा असतो. सत्काराला माझा विरोध नाही. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. त्या एका भेटीचं मोल महाराष्ट्राला सांगायला नको. पण तो एका व्यक्तीचा गौरव होता, आणि तो योग्यच होता. निरोप समारंभ व्यक्तीचा नसतो, वर्गाचा असतो. निकालाची चाळणी लागण्यापूर्वी अखंड वर्गाकडे पाहण्याचा सार्वजनिक प्रसंग आपल्याकडे एवढा एकच आहे.

प्रमाणपत्र आणि निरोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साथीच्या दोन वर्षांनी तर ढळढळीत दाखवलं. २०२० च्या दहावीला निरोप मिळाला होता. शेवटचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. परीक्षा अर्धवट, निरोप पुरा. २०२१ च्या दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन यांवर १६ जुलै २०२१ रोजी निकाल लागला, ९९.९५ टक्के. त्या वर्षी दहावीचा बहुतेक अभ्यास पडद्यावरच झाला होता. गर्दीचे कार्यक्रम बंद होते, निरोपाची खोलीच नव्हती. कागदावर पाहिलं तर राज्याच्या इतिहासातली ही सर्वांत यशस्वी तुकडी. तरी त्या मुलांची शाळा संपली ती संकेतस्थळावर बैठक क्रमांक टाकून, आणि तेही संकेतस्थळ त्या दिवशी तासन्‌तास उघडत नव्हतं. उत्तीर्ण झाल्याचा कागद मिळाला म्हणजे वर्ग संपल्याची जाणीव आपोआप मिळते, असं मानणाऱ्यांनी या तुकडीचा विचार करावा.

आता एवढ्या योग्य वेळी जमलेल्या वर्गापुढे आपण काय ठेवतो? भविष्य ठेवतो. पाहुणे करिअर सांगतात, संस्थेचे पदाधिकारी शिस्त सांगतात, मुख्याध्यापक वेळापत्रक आणि प्रवेशपत्राच्या सूचना सांगतात, आणि सगळ्यांत शेवटी, जेवणाची वेळ टळून गेल्यावर, दोन मुलांना मनोगतासाठी बोलावलं जातं. ती दोन मुलं बहुधा वक्तृत्वात बक्षिसं मिळवलेली असतात. शाळेने आम्हाला घडवलं, शिक्षक आमचे दीपस्तंभ, आमच्या चुका पोटात घाला, असं ते मनोगत असतं. निबंधाच्या वहीतून उतरलेलं, आणि म्हणून कुठल्याही शाळेत, कुठल्याही वर्षी चालण्यासारखं. मुलांना मनापासून बोलता येत नाही, असा याचा अर्थ मी लावणार नाही. त्यांना कुणी खरा प्रश्नच विचारलेला नसतो. आपल्या परंपरेतला एक फार जुना निरोपाचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आहे. त्यात गुरू शिष्याला पुष्कळ आज्ञा करतात, पण मध्येच असंही सांगतात, की आमची जी आचरणं चांगली असतील तेवढीच घे, बाकीची घेऊ नकोस. आमच्यात काही न घेण्यासारखंही होतं, हे गुरूने निरोपाच्या दिवशी सुचवायचं! आपल्या माईकवरून असं वाक्य क्वचितच ऐकू येतं.

मागे वळून पाहायला खरं तर केवढं तरी आहे. २०२६ साली दहावीला बसणारा वर्ग घ्या. ही मुलं जून २०१६ मध्ये पहिलीत गेली. ती दुसरीत असताना जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. ही जकात चुकवता यावी म्हणून माल मुंबईच्या हद्दीबाहेर ठेवायचा, या गणितावर तर भिवंडीच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतली गोदामं सुरुवातीला उभी राहिली होती. जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. मुलं तिसरीत होती तेव्हा, १८ डिसेंबर २०१८ रोजी, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन झालं. काल्हेर हे त्या मार्गावरचं एक स्थानक. मेट्रोचे खांब याच मुलांच्या शाळेच्या वयात या रस्त्यावर उभे राहिले. चौथीची वार्षिक परीक्षा टाळेबंदीत बुडाली. प्राथमिक शाळा सोडून पाचवीला मोठ्या शाळेत जायचं, नवा गणवेश, नवे बाई-सर, नव्या तुकडीची भीती, हा जो टप्पा असतो तो यांनी घरातल्या एकुलत्या एका मोबाइलवर ओलांडला. तो मोबाइलही वडील कामावर गेले की त्यांच्याबरोबर जायचा. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडले तेव्हा ही मुलं सहावीत होती. एकमेकांचे आवाज आधी आणि चेहरे नंतर भेटलेला हा वर्ग आहे. या वर्गाला ‘शाळेने तुम्हाला काय दिलं’ हा ठरीव प्रश्न विचारण्यापेक्षा ‘पाचवीत तुम्ही नेमकं काय केलंत’ असं विचारलं, तर शिक्षकांनाही ठाऊक नसलेलं बरंच बाहेर येईल.

आणखी एक गोष्ट. काल्हेरच्या बाकांवर आगरी-कोळी घरांतली जुनी गावकरी मुलं असतात, आणि ठाण्यातलं घरभाडं परवडत नाही म्हणून खाडी ओलांडून आलेल्यांची, गोदामात हमाली किंवा वाहनांवर चालकाचं काम करणाऱ्यांची, घाटावरून आणि परराज्यांतून आलेल्यांचीही असतात. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे मुलंही मध्येच येतात आणि मध्येच जातात. पाचवीच्या हजेरीतली सगळी नावं दहावीच्या हजेरीत सापडणार नाहीत. कुणाचं घर बदललं, कुणी गावी परतलं, कुणाच्या वडिलांचं काम गेलं, कुणी कामाला लागलं. शिक्षण हक्काचा कायदा चौदाव्या वर्षापर्यंत आणि आठवीपर्यंत हात धरतो. पुढची दोन वर्षं ज्याची त्याची. गेलेल्या प्रत्येकाला शाळा एक कागद देते, शाळा सोडल्याचा दाखला. त्यात जन्मतारीख असते, जात असते, सोडण्याचं कारण असतं, आणि वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ हा शब्द असतो. जो दहा वर्षं शिकला त्यालाही तोच, जो सातवीत गेला त्यालाही तोच. समानता म्हणायची तर आहे खरी! माझी सूचना एवढीच, की निरोपाच्या दिवशी वर्गाने आपली पाचवीची हजेरी वाचावी. आज समोर नसलेल्यांची नावं घ्यावीत, जी मुलं जवळपास आहेत त्यांना बोलावून वर्गात बसवावं, आणि त्यांनाही ते फूल द्यावं. वर्ग तिथे जेवढा पुरा होईल तेवढा पुन्हा कधी होणार नाही.

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. पालक म्हणतील, परीक्षा तोंडावर आली असताना हे कशाला? २०२५ साली दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली, पूर्वीसारखा मार्च उजाडण्याची वाट पाहता येत नाही, हे खरं. पण आजचा समारंभही अर्धा दिवस घेतोच, आणि त्यातला मोठा वाटा भाषणांना जातो. मी वेळ वाढवा म्हणत नाही, भाषणं कमी करा म्हणतो. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ज्याने शाळा सोडली त्याला बोलावणं म्हणजे त्याच्या जखमेवर बोट ठेवणं नव्हे का? ठेवलं जाऊ शकतं, म्हणून त्याला मंचावर उभं करू नये, त्याची कहाणी विचारू नये, कुणाच्या जिद्दीचा दाखला म्हणून त्याचा वापर तर मुळीच करू नये. बोलावणं मुलांकडून जावं, संस्थेच्या पत्रावर नको. आणि यायचं की नाही, हे त्याच्यावर सोडावं. पण न बोलावणं हे निरुपद्रवी असतं, असं समजू नये. गाव एवढंसं, रस्ता एकच. समारंभाच्या दिवशी त्या रस्त्यावरून कोण नटून जातंय, हे त्यालाही दिसतंच.

तिसरा आक्षेप तरुणांचा आहे. आता निरोप कसला, वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, उद्याही सगळे भेटणारच. भेटतील, आणि ही सोय चांगली आहे. मात्र ग्रुपवर माणसं भेटतात, वर्ग भेटत नाही. वर्गात नावडत्या मुलाशेजारी बसावं लागतं, कुणाच्या डब्यात काय आहे ते कळतं, बाईंचा ओरडा सामाईक असतो. अकरावीला कुणी भिवंडीत जाईल, कुणी ठाण्याला, कुणी आयटीआयला, कुणी थेट गोदामात. ग्रुपवर सहा महिन्यांत वाढदिवसाचे केक आणि सणांच्या शुभेच्छा एवढंच उरलेलं असतं. ज्यांचं पटत होतं ते बोलत राहतात. ज्यांचं पटत नव्हतं पण जे वर्गात होते, ते मुकाट्याने बाहेर पडतात.

खर्चाबद्दल मात्र मी टीकाकारांच्या बाजूचा आहे. भाड्याने आणलेले कोट, साड्या, डीजे, छायाचित्रकाराचं पॅकेज हे सगळं आता गावोगाव आलं आहे, आणि ज्याला वर्गणी जमत नाही तो त्या दिवशी आजारी पडतो. चाळणी लागण्याआधीचा एकमेव दिवसही आपण असा पैशाची चाळणी लावून घालवतो. समारंभ गणवेशातच करावा, हा साधा नियम शाळेने घालायला हरकत नाही. शर्टांवर सह्या करायच्या असतील तर त्या गणवेशावरच उमटतात, आणि तो शर्ट तसाही पुढे कुणी घालणार नसतं. वर्गणीचे पैसे उरलेच तर शाळेला भेट द्यावी, ही जुनी रीत चांगली होती. भिंतीवरचं घड्याळ, पंखा, कार्यालयातली खुर्ची, आणि त्यावर रंगाने लिहिलेलं: इयत्ता दहावी अ, सन अमुक, यांजकडून सप्रेम भेट. देणाऱ्यांची नावं नाहीत, टक्के नाहीत, पहिला कोण आणि शेवटचा कोण याचा पत्ता नाही. पाचवीची हजेरी शोधायला शाळेच्या शिपायाला एखादी दुपार कपाट उघडावं लागेल; त्यासाठी ना मंडळाची परवानगी लागते, ना शिक्षणाधिकाऱ्यांची. नववीच्या मुलांनी डिसेंबरातच ती मागून घ्यावी, म्हणजे बोलावणी पोहोचायला महिना मिळेल.