करिअरचा शोध आणि इंटरनेट : नेमका प्रश्न कसा विचारावा?

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणगौरव समारंभ म्हटला की आम्हाला १९०७ सालची ती सभा आठवते. भीमराव मॅट्रिक पास झाले म्हणून सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे कॉलेजच्या शिक्षणाला पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा मदत कोठे मिळू शकेल हे त्यांना माहीत होते. त्यांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर. बुद्धिमत्ता आणि कष्ट बाबासाहेबांचे होते. परंतु दार कोठे आहे हे दाखवणारा माणूस वेळेवर भेटला होता.

प्रत्येक मुलाला केळुसकर गुरुजी भेटत नाहीत. ज्यांच्या घरात दोन पिढ्या शिकल्या, त्यांचा कोणी काका बँकेत असतो, कोणी मामा विद्यापीठात असतो. कोणता अभ्यासक्रम, कोणती परीक्षा, शेवटची तारीख कोणती, हे त्या घरातल्या मुलाला जेवताना गप्पांतून कळते. आपल्या वस्तीत हे काम कित्येक वर्षे विहाराच्या फळ्याने केले. 'रोजगार समाचार'चा एक अंक दहा घरांत फिरायचा आणि जाहिरातीचे कात्रण टाचणीने फळ्यावर लागायचे. कात्रण लागेपर्यंत कधी कधी मुदत संपलेली असायची. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. तरीही मुले आम्हाला विचारतात, "सर, बारावीनंतर काय करू?" इंटरनेटवर शोधले का, असे विचारले तर उत्तर येते, "शोधले, पण सगळ्या क्लासच्या जाहिरातीच येतात."

मित्रांनो, यात मुलांचा दोष नाही. नुसते 'बारावीनंतर काय' असे विचारले की वर येतात ते बहुधा प्रायोजित निकाल, म्हणजे पैसे देऊन लावलेल्या जाहिराती. नेमके विचारण्याची एक रीत आहे. ती शिकायला इंग्रजी माध्यम लागत नाही की महागडा संगणकही लागत नाही.

पहिली गोष्ट अवतरणचिन्हांची. दोन-तीन शब्द अवतरणचिन्हांत टाकले तर तेच शब्द, त्याच क्रमाने असलेली पाने आधी शोधली जातात. दुसरी गोष्ट वजाबाकीच्या चिन्हाची. जो शब्द नको असेल त्याच्या आधी, जागा न सोडता, हे चिन्ह द्यावे. 'क्लासेस' हा शब्द असा वजा केला की बरीच गर्दी ओसरते. तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगाची. इंग्रजीत 'साइट' हा शब्द लिहून पुढे कोलनची दोन टिंबे द्यावीत आणि लगेच 'जीओव्ही डॉट इन' लिहावे. आता केवळ सरकारी संकेतस्थळांवरचीच पाने समोर येतात. 'एसी डॉट इन' लिहिले तर शैक्षणिक संस्थांची येतात. चौथी, 'फाइलटाइप', कोलन आणि 'पीडीएफ'. जाहिराती, नियमावल्या, अभ्यासक्रम यांचे मूळ कागद बहुधा पीडीएफ स्वरूपात असतात, ते अशाने हाती लागतात. पाचवी गोष्ट, निकालांचा कालावधी निवडण्याची सोय असते. मागील एक वर्ष निवडले की शिळी माहिती बाजूला पडते.

ही झाली हत्यारे. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते शब्दांचे. कार्यालय ज्या शब्दांत लिहिते, त्याच शब्दांत आपण विचारले पाहिजे. आपण 'बौद्ध मुलांसाठी मदत' असे शोधतो. शासनाच्या कागदात मात्र 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' असे लिहिलेले असते. आपण 'फॉर्म कधी निघणार' विचारतो. कागदावर 'अधिसूचना', 'शासन निर्णय', 'पदभरती', 'शुद्धिपत्रक' हे शब्द असतात. हे शब्द वापरून पाहा. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, पुण्याच्या बार्टीची स्पर्धा परीक्षा प्रशिक्षणे, केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती, या सर्वांच्या अटी मूळ कागदातच वाचायला मिळतील.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा, 'सेवाप्रवेश नियम'. कोणत्या पदाला कोणती पदवी लागते, वयाची अट काय, पदोन्नती कोठपर्यंत, हे त्या नियमांत असते. रसायनशास्त्र घेतलेल्या मुलाला वाटते की पुढे शिक्षक किंवा औषध कंपनी, एवढेच. त्याने 'वैज्ञानिक सहायक' आणि 'सेवाप्रवेश नियम' हे शब्द अवतरणचिन्हांत घालून पाहिले, तर न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांसारखी वाट दिसते. जाहिरात निघण्याच्या तीन वर्षे आधी नियम वाचणारा मुलगा विषय निवडतानाच शहाणा होतो.

आता एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याच वस्तीतील एका भगिनीला बारावी विज्ञानला चांगले गुण मिळाले, पण एमबीबीएसला प्रवेश मिळण्याइतके नीटचे गुण नव्हते. एका एजंटाने 'पॅरामेडिकल डिप्लोमा, नोकरीची हमी' असे सांगून तिच्या वडिलांकडून ३५ हजार रुपये घेतले. त्या संस्थेला कोणत्या विद्यापीठाची किंवा परिषदेची मान्यता आहे, याचा एकही कागद नंतर आम्हाला सापडला नाही. पैसे गेले, वर्षही गेले. आणि बांधवांनो, याच एजंटाचा फलक आपल्या मंडळाच्या जयंतीच्या मंडपात लागला होता. त्याने वर्गणी दिली, आम्ही फलक लावू दिला. वडिलांनी फलक पाहून विश्वास ठेवला. तो दोष आमचा आहे आणि तो आम्ही या व्यासपीठावरून मान्य करतो.

त्यानंतर आम्ही तिच्याबरोबर बसलो आणि या रीतीने शोध घेतला. सरकारी संकेतस्थळांवर पीडीएफ शोधताना २०२१ सालचा राष्ट्रीय सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम सापडला. त्याच्या अनुसूचीत प्रयोगशाळा, क्ष-किरण, डायलिसिस, नेत्रतपासणी, भौतिकोपचार अशा अनेक व्यवसायांची यादीच आहे. सहबद्ध व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण हवे, हेही त्यात लिहिले आहे. डॉक्टर नाही तर नर्स, नाही तर फार्मसी, एवढेच ज्या घराला ठाऊक होते, त्या घरासमोर एका संध्याकाळी एवढी दारे आली. मग नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संकेतस्थळावर संलग्न महाविद्यालये पाहिली, शुल्क पाहिले, तिथे शिकलेल्या दोघींशी फोनवर बोललो. आज ती भगिनी नेत्रतपासणीच्या पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. गेलेले वर्ष मात्र तिला कोणी परत देऊ शकत नाही.

म्हणून तपासणीचा भाग विसरू नका. भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना काय सांगितले? केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. हाच उपदेश इंटरनेटलाही लागू आहे. पहिल्या क्रमांकावर आले म्हणजे खरे असे नाही. हल्ली शोधाच्या वरच यंत्राने तयार केलेले उत्तर येते. तेही मूळ कागदाशी ताडून पाहावे, कारण त्यात चूक असू शकते. पत्त्याचा शेवट बघा. नावात 'भारत' किंवा 'राष्ट्रीय' असले म्हणजे संस्था सरकारी होत नाही. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या कलम २२ मध्ये ठरवून दिले आहे आणि बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो. संस्थेचे नाव अवतरणचिन्हांत घालून पुढे 'तक्रार' किंवा 'न्यायालय' हा शब्द जोडून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. आम्ही ती पाच मिनिटे दिली असती, तर तो फलक मंडपात लागला नसता.

शेवटी एक गोष्ट. इंटरनेटवर माहिती मिळते, पण धीर मिळत नाही. म्हणून मंडळाने ठरविले आहे की दर रविवारी वंदनेनंतर दोन तास विहारात संगणक सुरू राहील आणि शेजारी एक वही असेल. कोणते शब्द घालून शोधले, काय सापडले, कोणत्या तारखेला पाहिले, मुदत कधी संपते, हे त्या वहीत लिहायचे. दहावीच्या मुलाने लिहिलेले पदवीच्या मुलीला उपयोगी पडेल आणि तिने लिहिलेले त्याला. यापुढे मान्यतेचा कागद पाहिल्याशिवाय कोणत्याही शिक्षणसंस्थेचा फलक आपल्या मंडपात लागणार नाही, हेही कार्यकारिणीने मंजूर केले आहे.

ज्यांना नोकरी लागली, ज्यांनी शिक्षण पुरे केले, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की महिन्यातून एक रविवार द्या. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण घोषणेत म्हणतो. शिकलेल्याने पुढच्याला दार दाखविणे हाही त्याच वाटेचा भाग आहे. आज सत्कार झालेल्या या मुलांना आम्ही पुष्पगुच्छ दिला, पुस्तक दिले. केळुसकर गुरुजींनी त्यापुढचे पाऊलही टाकले होते. ते पाऊल आता आपण टाकायचे आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!