उथळ पाण्याचे राखणदार

इंदूरच्या पश्चिमेकडील सिरपूर तलाव विसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांनी बांधविला. ऐन पावसाळ्यातही त्याची खोली दोन मीटरांपलीकडे जात नाही. ‘उथळ’ हा आपल्याकडे निंदेचा शब्द; विद्यार्थ्यांच्या निबंधांवर मीही तो सढळ हाताने लिहीत आलो. परंतु चिखलात चोच खुपसणाऱ्या तुतारीला आणि पाण्यात उभ्यानेच भक्ष्य शोधणाऱ्या चमच्याला हे उथळपणच पोसते. श्री. भालू मोंढे आणि ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’चे स्वयंसेवक अतिक्रमण, शिकार, कचरा यांच्याशी वर्षानुवर्षे झगडले, म्हणून तलाव उरला. २०२२ साली तो रामसर यादीत आला, याचा आनंद आहेच. मला धास्ती वाटते ती आता सुशोभीकरणाची. फरशी बसविलेल्या काठावर तुतारी काय टिपणार?