काकवी आणि इंजिन ऑइल

गुऱ्हाळावरून आणलेली काकवी थंडीच्या सकाळी बरणीतून हलायला तयार नसते. तीच बरणी घटकाभर उन्हात ठेवा, लगेच धार लागते. गाडीचं इंजिन ऑइलही असंच वागतं. डब्यावरचे ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० हे आकडे त्या वागण्याचंच माप आहेत.

डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात लवकर वाहतं. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं, ते सांगतो. तापल्यावर ऑइल दाट होतं, असं मात्र समजू नका. पातळ ते होतंच. किती पातळ झालेलं चालेल, एवढंच त्या आकड्यात असतं.

‘आपल्याकडे ऊन फार, जाडच ऑइल घाला,’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. मी तो मानला होता. गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० छापलेलं असताना एका उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० भरून घेतलं. दिवाळीनंतर गारठा पडला आणि सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून टक-टक ऐकू यायला लागली. काही सेकंद यायची, मग थांबायची. ते दाट ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायलाच उशीर होत होता. इंजिनाची बरीचशी झीज होते ती अशा थंड इंजिन चालू करण्याच्या वेळी, आणि ती आपल्याला दिसत नाही.

उन्हाचं म्हणाल, तर बाहेर नागपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरचे १०, थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास राखतो. तापलेल्या इंजिनातलं ऑइलही मग १०० अंशांच्या आगेमागे असतं. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी. ती फट आणि ऑइलचा पंप ठरवतानाच इंजिन बनवणाऱ्याने ऑइलचा दाटपणा धरलेला असतो. म्हणून नव्या पेट्रोल गाडीला ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ सांगितलं असेल, तर ‘हे तर पाणी आहे’ म्हणून घाबरू नका. आणि तेच ऑइल २०डब्ल्यू-४० वर वाढलेल्या जुन्या इंजिनात ओतूही नका; तिथे त्याचा थर टिकणार नाही.

डिझेल गाडीवाल्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसला. अडलेली काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती फिल्टरमध्येच साचत राहते. हा फिल्टर महाग असतो. अशा गाडीत ग्रेड जुळूनही भागत नाही, कमी राखेचं ऑइलच लागतं. पुस्तकात ग्रेडच्या शेजारी एपीआय किंवा एसीईएचा जो संकेत छापलेला असतो, तो अक्षर न् अक्षर डब्यावर शोधा. दुकानदार ‘सगळं सारखंच’ म्हणाला, तरी शोधा.

माझ्या गाडीतलं ते जाड ऑइल मी टक-टक सुरू झाली त्याच आठवड्यात काढून टाकलं, नवा ऑइल फिल्टर लावून ५डब्ल्यू-३० भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीला किल्ली फिरवायला सांगितली आणि मी बॉनेटपाशी कान देऊन उभा राहिलो. टक-टक आली नाही.