कानाला सवय होते, हृदयाला नाही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी रहदारीच्या गोंगाटाविषयी बोलावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. परंतु या कोलकाता नगरीत आपल्यापैकी अनेकांची बिऱ्हाडे हमरस्त्यालगत आहेत, आणि गावाकडील वृद्ध आईवडिलांना आपण त्याच घरांत आणून ठेवले आहे. म्हणून हा विषय घरचाच आहे.

आमच्या मातोश्री कऱ्हाडहून आमच्याकडे कायमच्या राहावयास आल्या, तेव्हा हवेशीर म्हणून रस्त्याकडील खोली आम्ही त्यांना दिली. प्रारंभी त्या म्हणत, "रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही रे." आम्ही हसून उत्तर देत असू, "होईल सवय." महिन्याभरात तक्रार थांबली आणि प्रश्न सुटला, असे आम्ही मानले. पुढे या विषयावरील थोडेफार वाचन घडले, तेव्हा आमची चूक ध्यानी आली.

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. माणूस निजला तरी त्याचे कान जागे असतात. मध्यरात्री ट्रकचा भोंगा वाजला किंवा पहाटे बसच्या पत्र्यावर वाहकाची थाप पडली, की मेंदू तीस धोक्याची सूचना समजतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात उतरतात, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. निजलेल्यास जाग येईलच असे नाही. सकाळी त्याला काही आठवतही नाही. परंतु रात्री रक्तदाबाने स्वभावतः उतरावे आणि हृदयास विसावा मिळावा, तो विसावा मात्र बुडतो. वर्षानुवर्षे असे घडत राहिले, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तरास इजा पोहोचते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, रस्त्यावरील रहदारीचा आवाज अहोरात्र सरासरीने ५३ डेसिबेलच्या आणि रात्री ४५ डेसिबेलच्या आत असावा, असे म्हटले आहे. त्यापुढे दर १० डेसिबेल वाढीमागे हृदयाचा रक्तपुरवठा अपुरा पडण्याच्या विकाराचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. १० डेसिबेल म्हणजे थोडके नव्हे. तेवढ्या वाढीने ध्वनीची ऊर्जा दसपट होते. तंबाखू किंवा मधुमेह यांच्यापुढे ८ टक्के किरकोळ भासतील. परंतु तंबाखू एक मनुष्य ओढतो. रस्ता मात्र सगळ्या वस्तीला, तान्ह्या मुलांपासून आजोबांपर्यंत, ऐकावा लागतो.

कायदा आपल्या देशातही आहे. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. २०१० सालच्या दुरुस्तीने अशा भागात रात्री, आणीबाणीचा प्रसंग वगळता, भोंगा वाजविण्यास मनाई केली. मुंबईच्या पोलिसांनी तर एक गमतीदार प्रयोग २०२० च्या जानेवारीत जाहीर केला होता: चौकात भोंग्यांचा गलका ८५ डेसिबेलच्या वर गेला, की तांबडा दिवा पुन्हा पहिल्यापासून मोजणी सुरू करी! उतावळ्यांना याहून उत्तम शिक्षा कोणती?

परंतु पोलिसांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण स्वतःकडे पाहू. मंडळाचे नाटक रात्री साडेदहाला सुटते आणि फाटकाशी आपल्याच मोटारी भोंगे वाजवून मंडळींना बोलावू लागतात. समोरच्या घरातही कुणाची तरी आई निजलेली असते. खाली उतरून हाक मारण्यास असा किती वेळ लागतो?

आमची विनंती एवढीच आहे. वडीलधाऱ्यांची खाट रस्त्यापासून दूरच्या खोलीत हलवा. ते शक्य नसेल, तर रस्त्याकडील खिडक्यांच्या फटी तरी बुजवा. त्यांचा रक्तदाब नियमाने तपासून घ्या. आणि "सवय होईल" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

आमच्या मातोश्री आता मागील खोलीत निजतात. तेथे वारा कमी, पंख्यावर भागवावे लागते. परंतु पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "इथं पहाटे पाखरं ऐकू येतात रे, गावासारखी." त्या तक्रार करीत नव्हत्या, याचा अर्थ त्यांना त्रास होत नव्हता असा नव्हे, हे आम्हांस त्या दिवशी उमगले.