‘गॅस झालाय’ म्हणजे नेमकं काय झालंय?

आजचा भाग हातकणंगल्यातून. विषय असा आहे, की चारचौघांत कुणी काढत नाही आणि निघालाच तर सगळे फिदीफिदी हसतात. पोटातला गॅस! हसून घ्या, मग नीट ऐका. कारण शेवटचा मुद्दा घरातल्या कुणाचा तरी जीव वाचवणारा आहे.

आपल्याकडं ‘गॅस झालाय’ हे एकच वाक्य चार वेगवेगळ्या तक्रारींना चालतं. ढेकर येतायत, गॅस. वारा सरतोय, गॅस. पोट डब्ब झालंय, गॅस. छातीत दुखतंय, तरी गॅसच. आता चौघांची कारणं वेगळी असताना मेडिकलमधली एकच गोळी चौघांना कशी लागू पडेल?

पहिला ढेकर. ढेकरातली हवा बहुतेक आपणच गिळलेली असते. इचलकरंजीत मागावर किंवा शिरोली एमआयडीसीत शिफ्टला असाल, तर दहा मिनिटांत डबा संपवायची सवय तुम्हाला माहीत आहे. घास न चावता गिळला, की त्याच्याबरोबर हवाही आत जाते. बोलत जेवणं, च्युइंगम, सिगरेट, स्ट्रॉनं पिणं, हे सगळं त्यात भरच घालतं. कोल्ड्रिंकमध्ये तर गॅस विकतच घेतो आपण.

आणि ते फसफसणारं चूर्ण? त्यात खायचा सोडा आणि आम्ल असतं. पाणी लागलं, की त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जळजळ थोडी थांबते, हे खरं. पण वर येणाऱ्या ढेकरात त्या चूर्णाचाच गॅस असतो. आपण मात्र म्हणतो, ‘बघ, गॅस निघाला!’ शिवाय त्यात सोडियम भरपूर. घरात कुणाला बीपी असेल, तर रोज घेऊ देऊ नका.

दुसरा, खालचा वारा. सरळच बोलूया, पादणं. दिवसातून दहा-वीस वेळा होणं अगदी नॉर्मल आहे. हा गॅस बनतो मोठ्या आतड्यात. कडधान्यात काही साखरा अशा असतात, की त्या फोडायचं पाचकद्रव्य माणसाकडं नसतंच. त्या न पचता पुढं जातात आणि तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्यात मिथेन तयार होतो. या तिन्हींना वास नसतो. वास येतो तो अगदी थोड्या प्रमाणातल्या गंधकाच्या संयुगांचा.

आता आपली मिसळ बघा. मटकी, वरून फरसाण म्हणजे बेसन, कच्चा कांदा, लसणाचा कट आणि गव्हाचा पाव. जीवाणूंना एका ताटात पाच पक्वान्नं! म्हणून मिसळ सोडायची का? कोल्हापूर जिल्ह्यात राहून असलं कोण सांगेल? मोड आणल्यानं त्या साखरा कमी होतात, म्हणून मोडाची मटकी त्यातल्या त्यात बरी. हरभरा, वाटाणा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात मऊ शिजवा. कच्चा कांदा कमी घ्या, तिसरा पाव ठेवून द्या.

दुधाचंही तसंच. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणं ही आपली शान. पण लहानपणानंतर बऱ्याच जणांची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होते. दूध प्यायल्यावर काही तासांत पोट गुडगुडतंय? दोन आठवडे दूध बंद करून बघा, मग पुन्हा घेऊन बघा. फरक पडला, तर उत्तर मिळालं. दह्यात ती साखर कमी असते, ते बऱ्याच जणांना चालतं.

तिसरं, पोट फुगणं. इथं कधी कधी गॅस जास्त नसतोच, तो अडकलेला असतो. सगळ्यात साधं कारण बद्धकोष्ठता. पाणी प्या, तंतुमय पदार्थ हळूहळू वाढवा. जेवून लगेच मोबाइल घेऊन आडवं होऊ नका. आजी सांगते ती शतपावली खरंच कामाची आहे, चालल्यानं गॅस पुढं सरकतो. मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही गॅस होतो. पण गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. आणि रोज सकाळी उपाशीपोटी घेतात ती ॲसिडिटीची गोळी आम्ल कमी करते, हवा नाही.

वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय, रक्त कमी झालंय किंवा दुखण्यानं रात्री झोपमोड होतेय, तर घरगुती उपाय बास. तपासणी करा. पोट खूप दुखतंय, फुगलंय, उलट्या होतायत आणि वारा, शौच दोन्ही बंद आहे, तर आतडं अडकलेलं असू शकतं. थेट दवाखाना गाठा.

आता चौथं, छातीतला ‘गॅस’. छातीवर दाब, दरदरून घाम, धाप, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणं असू शकतात. कधी दुखणं छातीत नसतंच, पोटाच्या वरच्या भागात असतं. मळमळतं, ढेकरही येतात. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत लक्षणं आणखी फसवी असतात. ढेकर आल्यावर बरं वाटलं, म्हणजे हृदय ठीक आहे असं ठरत नाही. ते ईसीजी आणि डॉक्टर ठरवतात.

म्हणून वडील रात्री दोनला म्हणाले, ‘काही नाही रे, गॅस धरलाय, सोडा दे,’ तर सोडा शोधू नका, १०८ ला फोन लावा. इचलकरंजीचं आयजीएम, कोल्हापूरचं सीपीआर, जे जवळ पडेल तिथं पोहोचा. गाडी त्यांना चालवू देऊ नका. तपासणीत खरंच गॅस निघाला, तर सगळे मिळून हसत घरी या. त्यात कसली लाज?

तर पुढच्या वेळी कुणी ‘गॅस झालाय’ म्हणालं, की एवढंच विचारा: कुठं होतंय, कधीपासून आणि घाम येतोय का? हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत सावकाश जेवा!