गावाच्या प्रकृतीची मोजदाद
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



माझे आयुष्य परिचारिकेच्या कामात गेले. भाषणाची सवय नाही. तेव्हा सांगावयाचे ते सरळच सांगते.

मंडळाच्या शिलकीतून यंदा आरोग्य शिबिर भरवावे, अशी सूचना आली आहे. हेतू उत्तम आहे. परंतु शिबिर कशाचे? डोळ्यांचे, रक्तदाबाचे, की बायकांच्या दुखण्यांचे? आपण अजून कोणाला विचारलेलेच नाही. किराण्याची यादी करण्यापूर्वी आपण घरातले डबे उघडून पाहतो. गावाच्या प्रकृतीची यादी मात्र न पाहताच करावयाची काय?

विचारल्याने काय होते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य नगर जिल्ह्यातील जामखेडला गेले. त्यांच्याजवळ औषधे होती. लोकांची पहिली गरज निघाली अन्न आणि पाण्याची. त्यांनी ती मानली. विंधनविहिरी झाल्या, आणि खेड्यांतील निरक्षर बायकाही शिकून आपापल्या गावच्या आरोग्यसेविका झाल्या.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरांपैकी ९२ जणींना स्त्रीरोग आढळला; पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८. बाकीच्यांनी दुखणे अंगावरच काढले होते. भगिनींनो, आपल्या गल्लीतला आकडा याहून चांगला असेल, असे छातीवर हात ठेवून आपल्यापैकी कोण सांगेल?

आता आपल्या भातकुलीकडे पाहू. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहतो. विहिरीचे पाणी खारट, डाळ लवकर शिजत नाही, हे कोणा पाहुण्याने सांगावयास नको. कोणाला मूतखडा झाला, कोणाचे मूत्रपिंड बिघडले, की आपण म्हणतो, "काय सांगू माय, पाणीच तसं हाये!" पाण्याची तक्रार खोटी नाही. प्यावयाच्या पाण्यात एक लिटरमागे विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक आहे. परंतु वर्षानुवर्षे आवाक्यात न ठेवलेला मधुमेह व रक्तदाब, आणि अंगदुखीसाठी ऊठसूट घेतलेल्या गोळ्या, यांनीही मूत्रपिंडे निकामी होतात. सारा दोष पाण्यावर टाकून मोकळे झालो, तर जे आपल्या हाती आहे तेही सुटते.

म्हणून माझी विनंती आहे की, शिबिराआधी एक महिना घरोघर हिंडावे. दोघीदोघींनी पंचवीस घरे वाटून घ्यावीत आणि चारच गोष्टी विचाराव्यात. प्यावयाचे पाणी कोठून येते? वर्षभरात घरात कोण जन्मले, कोण गेले व कशाने? कोणाचे कोणते औषध चालू आहे, आणि कोणते मध्येच सुटले व का? चौथा प्रश्न घरच्या बाईला एकटीला, स्वयंपाकघरात बसून विचारावा : तुम्ही कोणते दुखणे कोणाला न सांगता सोसता आहात? वहीत फक्त आकडे लिहावेत, नावे लिहू नयेत. एकीची गोष्ट दुसरीच्या ओट्यावर गेली, तर तिसरी तोंड उघडणार नाही.

मग त्या आकड्यांचे तीन भाग करावेत. औषध वेळेवर घेण्याची आठवण देणे, यांसारखे जे आपणच करू शकतो ते पहिले. आशाताई व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने होईल ते दुसरे. पाण्याची तपासणी व पुरवठा यांसाठी नगरपंचायतीकडे किंवा जिल्हा परिषदेकडे मागावयाचे ते तिसरे. ज्या भगिनी आसपासच्या खेड्यांतून आल्या आहेत त्यांनी लक्षात ठेवावे की, ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा व्हावी असा कायदाच आहे, आणि गावच्या आरोग्य व पोषण समितीला दरवर्षी निधीही मिळतो. तेथे रिकाम्या हाताने न जाता वही घेऊन जावे. "आमच्याकडे फार आजार आहेत" असे म्हणणाऱ्या बाईला हसून वाटेला लावता येते; "तीनशे घरांत इतक्या जणींचे औषध पैशांअभावी सुटले" असे म्हणणारीला उत्तर द्यावेच लागते.

आपल्या तालुक्यातील ऋणमोचनला ज्यांचे पाय लागले, ते गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तन करीत. गल्लीगल्ली झाडणाऱ्याला गावाची घाण कोठे आहे हे कोणाला विचारावे लागत नाही. आपणही आधी गल्ल्या फिरू या. शिबिर कशाचे भरवावे, हे मग वहीच सांगेल.

पहिल्या पंचवीस घरांसाठी मी माझे नाव देते. दुसरे नाव कोणाचे लिहू, एवढे विचारून मी आपली रजा घेते.