नोंदवहीबाहेरचा चित्रपट
(शिरवणे, नवी मुंबई येथील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणावरून)



शिरवण्याच्या एका अंगाला सिडकोने आखलेले जुईनगर-नेरूळ आणि दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा. या पट्ट्यातील श्रमिक वस्त्यांतून दरवर्षी ६ डिसेंबरला माणसे चैत्यभूमीवर जातात आणि येताना शिवाजी पार्कवरील दुकानांतून पुस्तके आणतात. पूर्वी कॅसेटी आणत, पुढे सीडी आणू लागले. प्रस्थापित चित्रसृष्टीबाहेर या माणसांचे स्वतःचे दृक्श्राव्य साहित्य अशा रीतीने उभे राहिले. त्याची नोंद मात्र कोणत्याही शासकीय दफ्तरात सापडणार नाही.

दलित दिग्दर्शकांना मान मिळालाच नाही, असे म्हणणे असत्य ठरेल. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला आणि पुढे 'फँड्री'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पण एका कलावंताचा गौरव ही एक गोष्ट आणि एका परंपरेची नोंद ही दुसरी. सोमनाथ वाघमारे यांनी भीमा कोरेगाववर २०१७ साली माहितीपट केला, त्यानंतर 'चैत्यभूमी' केला. ज्योती निशा यांनी बाबासाहेबांवरील माहितीपटासाठी लोकवर्गणीचा आधार घेतला. १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, हा इतिहास ज्या मुंबईला पाठ आहे, तिच्या अधिकृत चित्रपट-इतिहासात या धडपडीला एखादे प्रकरण तरी असावे की नसावे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा अनुभव येथे उद्बोधक आहे. ऑस्कर मिशो यांचा 'विदिन अवर गेट्स' हा चित्रपट १९२० साली शिकागोत आला. आदल्याच वर्षी त्या शहरात वांशिक दंगल उसळली होती. त्यामुळे सेन्सॉरने प्रथम तो अडवला. पुढे त्याच्या प्रती नाहीशा झाल्या. अनेक दशकांनंतर एक प्रत सापडली, तीही स्पेनमध्ये! १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला आणि तेथील संसदेच्या ग्रंथालयाने त्याची दुरुस्ती केली. नोंद झाली, पण सत्तर वर्षांनी. आणि ती प्रत योगायोगाने टिकली नसती तर नोंद कशाची करणार होते?

ज्या शासनाची कात्री चालते, त्याच्याच दारी मान्यतेसाठी का जावे, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. आक्षेप पोकळ नाही. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांनाच सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली गेली. विरोधानंतर ती मागे घेतली गेली, तरी शासनाला अडचणीचे अनेक चित्रपट निवडीत गळाले, आणि निर्मात्यांनी 'विकल्प' हा स्वतःचा महोत्सव भरवला. तो भरवला हे योग्यच झाले. परंतु पर्यायी महोत्सव चार-सहा दिवसांचा असतो, आणि अभिलेखागार कायमचे असते व जनतेच्या पैशांवर चालते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तोच निर्णय केला, आणि तरीही १९२७ साली चवदार तळ्यावर जावे लागले. ठराव कागदावर राहिला म्हणून ठरावाची मागणीच चुकीची होती, असे कोणी म्हटले नाही.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. पुरस्कार आणि शाली पुष्कळ झाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात या चित्रपटांच्या प्रती जतन व्हाव्यात, आणि ज्यांना कधी प्रमाणपत्रच नव्हते त्या चित्रफितींचीही सूची व्हावी. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकात महानगरपालिकेने ग्रंथालय उभारले आहे. तेथे चित्रफितींचा विभाग उघडावा व नियमित खेळ व्हावेत. हा अर्ज नवी मुंबईतूनच जावयास हवा.

अर्जासोबत यादी लागेल. ती मंत्रालयात तयार होणार नाही. शिरवणे, तुर्भे, दिघा येथे घरोघर जाऊन विचारावे लागेल. कोणाच्या पेटीत लग्नाच्या कॅसेटीशेजारी एखाद्या मोर्चाचे, जलशाचे किंवा झोपड्या पाडल्याचे चित्रीकरण पडून असेल. कोणी चित्रित केले, कोणत्या साली, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत. खाडीकाठच्या दमट हवेत चुंबकीय फितीवर बुरशी फार लवकर धरते. हे काम पावसाळ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे.